क्लबातील पियानो व ख्रिस्तमंदिरातील पेटी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी संगीतसंध्येच्या आरंभी मुख्य धर्मगुरूंनी भद्रावती येथे केलेले भाषण. मंडळींच्या आग्रहावरून येथे छापिले आहे.)



महोत्सव समितीने आज मजवर जे काम सोपविले आहे ते वस्तुतः हलके होते. गायकवृंदाची ओळख करून द्यावी, देणगीदारांचे आभार मानावे व दहा मिनिटांत खाली बसावे, एवढीच अपेक्षा होती. परंतु गेल्या महिन्यात समितीच्या बैठकीत एका वडीलधाऱ्या सभासदांनी मला विचारले की, "फादर, त्या दिवशी पेटीवर जो इसम बसणार आहे तो पूर्वी बारमध्ये वाजवीत असे, हे खरे काय?" ते खरे आहे, व मी तसे तेथल्या तेथे सांगितले. तथापि त्या प्रश्नाचे पुरते उत्तर एका वाक्यात मावण्यासारखे नव्हते. ते आज द्यावे असे मी मनाशी योजिले आहे, म्हणून आपला थोडा अधिक वेळ घेणार आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी मागल्या दाराने चहास जाण्यास माझी हरकत नाही. चहा तयार आहे.

माझ्या उत्तराचा आरंभ नागपुरात होतो. १९९१ साली मी गुरुविद्यालयात तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होतो. दर गुरुवारी दुपारी एक वृद्ध गोवेकर गृहस्थ सायकलरिक्षातून येत व आम्हांस सुरांचे लेखन वाचावयास आणि पेटी वाजवावयास शिकवीत. आम्ही त्यांना मास्तर म्हणत असू. ते आम्हां पोरांना 'ब्रदर' म्हणून मोठ्या अदबीने हाक मारीत. वय बहात्तर, अंगात जुना पण इस्त्रीचा कोट, आणि बोटे अशी लांबसडक की पेटीच्या पट्ट्यांवर ती विश्रांती घेत आहेत असे वाटावे. त्यांची मुलगी रेल्वेतील एका नोकरास दिली होती, तिच्याकडे ते राहत. तरुणपणी त्यांनी मुंबईच्या हॉटेलांतून व क्लबांतून पियानो वाजविला होता, एवढे आम्हांस ऐकून ठाऊक होते. त्यापलीकडे त्यांस विचारण्याचे धाडस कोणी केले नव्हते.

एके गुरुवारी पाऊस फार होता व वर्गास मी एकटाच आलो होतो. वेळ घालवावयाचा म्हणून मी विचारले, "मास्तर, ब्लूज ब्लूज म्हणतात ते काय असते?" ते क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी पट्ट्यांवर हात ठेवला आणि एक काळी पट्टी दाबून तेच बोट लगतच्या पांढऱ्या पट्टीवर असे घसरविले की दोन्ही सूर एकमेकांत चिरडले गेले. मला ती चूक वाटली व मी हसलो. ते म्हणाले, "ब्रदर, ही चूक नव्हे. हा हुंदका आहे."

पुढे मी याविषयी वाचले तेव्हा त्यांच्या बोलण्यातील शास्त्र मला कळले. अमेरिकेतील गुलामांचे वंशज जे गात, त्यात आपल्या कोमल गंधाराच्या व शुद्ध गंधाराच्या मध्ये कोठेतरी लागणारा एक सूर असे. निषादाचेही तसेच. माणसाच्या गळ्यास तो सूर सहज सापडतो, तारेच्या वाद्यासही सापडतो. परंतु पियानोच्या पट्ट्या म्हणजे जिन्याच्या पायऱ्या होत. दोन पायऱ्यांच्या मध्ये उभे राहावयास जागा नसते. तेव्हा तिकडील पियानोवाल्यांनी युक्ती काढली की, जो सूर वाद्यात नाहीच तो दोन शेजारच्या सुरांस एकत्र चिरडून कानास भासवावयाचा. आपल्या हार्मोनियमवरही हाच आरोप होता. तिच्यात मींड निघत नाही, आपल्या रागदारीचे बारीक सूर लागत नाहीत, या कारणास्तव १९४० साली आकाशवाणीने तिला बंदी केली, व ती बंदी १९७१ पर्यंत चालली. एकतीस वर्षे ज्या पेटीला रेडिओवर प्रवेश नव्हता, तीच पेटी त्या सर्व काळात आपल्या भजनांतून व ख्रिस्तमंदिरांतून निमूटपणे देवाचे काम करीत होती. वाद्यांनाही बहिष्कार भोगावा लागतो तो असा.

ब्लूजची रचना ऐकून आपणांस नवल वाटणार नाही. एक ओळ म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळीत तिचे उत्तर द्यावयाचे. हे सर्व मिळून बारा मात्रागटांचे एक आवर्तन होते, व ते फिरफिरून येते. आपल्या विदर्भात खंजिरीवर भजन म्हणणारा एक ओळ सोडतो व झेलकरी ती उचलतात, त्यातलाच हा प्रकार. दुःख पहिल्याने सांगून संपत नाही, ते दुसऱ्याने सांगावे लागते, हे जात्यावर दळणाऱ्या आपल्या आयाबायांस कोणी शिकविले नव्हते.

मास्तर सतराव्या वर्षी, १९३६ साली, सासष्टीतून मुंबईस आले. मुंबईत त्या काळी गोवेकरांचे 'क्लब' दोन प्रकारचे होते, व या दोहोंतील भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. एक क्लब म्हणजे कूड. धोबीतलाव व माझगाव या भागांत गोव्यातील गावोगावच्या लोकांनी आपापल्या गावाच्या नावाने खोल्या घेतलेल्या असत. भिंतीशी ओळीने पेट्या मांडलेल्या, रात्री जमिनीवर पथाऱ्या, आणि एका टोकास गावच्या पाठीराख्या संताची वेदी. जहाजावरचे खलाशी, स्वयंपाकी, वादक, सर्व तेथेच उतरत, आणि सायंकाळी जपमाळेच्या प्रार्थनेस हजर राहणे हा तेथील नियम असे. दुसरा क्लब तो, की जेथे साहेबलोक व श्रीमंत मंडळी नाचावयास व मद्य घ्यावयास जात. आमचे मास्तर पहिल्या क्लबात राहत व दुसऱ्यात वाजवीत. जपमाळ आटोपली की काळा कोट चढवावयाचा, ट्रामने निघावयाचे, आणि पहाटे परत येऊन संताच्या पायाशी पथारी टाकावयाची.

हे त्यांस आले कोठून? तर चर्चच्या शाळेतून. पोर्तुगीज अमलात गोव्यातील मोठमोठ्या चर्चला जोडून संगीतशाळा चालत. तेथील मेस्त गरिबांच्या मुलांस मिस्साच्या गायनाकरिता स्वरलेखन व व्हायोलिन शिकवी. गावच्या चर्चला चार व्हायोलिनवाले पुरेत, आणि शाळेतून निघत चाळीस. मग उरलेल्यांनी जावे कोठे? ती मुले कराचीस गेली, लाहोरास गेली, संस्थानिकांच्या बँडांत गेली, बोटींवर गेली, आणि मुंबईस तर गावेच्या गावे गेली. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या हिंदुस्थानात नाचाच्या वाद्यवृंदात कागदावरचे सूर पाहून वाजविणारा माणूस हवा असला की तो बहुधा आपल्या वेदीच्या पायरीवर शिकलेला असे. ज्या संगीतास आपण 'क्लबातले' म्हणून नाक मुरडतो त्याची मुळाक्षरे ख्रिस्तसभेने गिरवून घेतलेली आहेत, हे आपण विसरता कामा नये.

मुंबईत आल्यावर मास्तरांचा एक गाववाला ताजमहाल हॉटेलात वाढप्याचे काम करी. त्याने एका रात्री या सतरा वर्षांच्या पोरास मुदपाकखान्याच्या दाराशी उभे केले. दार उघडे की संगीत आत येई, दार मिटे की तुटे. त्या फटीतून मास्तरांनी एका धिप्पाड कृष्णवर्णीय गृहस्थास पियानोवर बसलेले पाहिले. त्या गृहस्थाचे नाव टेडी वेदरफर्ड. "उजवा हात नाचत होता ब्रदर, पण डावा हात चालत होता, गाडीच्या चाकासारखा," असे मास्तर सांगत.

हा वेदरफर्ड कोण, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्याचा जन्म १९०३ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रांतात पोकाहोंटास नावाच्या गावी झाला. ते गाव कोळशाचे. तेथे १८८२ साली खाण सुरू झाली, आणि १८८४ साली तिच्यात असा स्फोट झाला की शंभरावर माणसे आत राहिली. माजरीच्या व आसपासच्या खाणींत ज्यांच्या घरची माणसे उतरली आहेत त्यांना तसल्या गावाचे वर्णन मी करण्याचे कारण नाही. दाराशी सायरन वाजला की बायका चुलीवरचे तसेच टाकून कशा धावतात, हे येथे बसलेल्या कित्येकींनी पाहिले आहे.

कापसाचेही नाते आहे. ज्या शेतांतून ब्लूज निघाला ती दक्षिण अमेरिकन प्रांतांतील कापसाची शेते होती. गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८६१ ते १८६५ या काळात तेथे यादवी युद्ध पेटले, विलायतेच्या गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, आणि भाव चढून आपल्या वऱ्हाडाच्या व हिंगणघाटच्या कापसास सोन्याचे दिवस आले. युद्ध संपताच ते दिवसही गेले. तेथील गुलामांच्या सुटकेचा व येथील शेतकऱ्याच्या तेजीमंदीचा धागा एकाच बोंडातून निघाला होता, असे म्हटल्यास चालेल.

वेदरफर्ड न्यू ऑर्लिन्स शहरी पियानो शिकला, शिकागोस नावारूपास आला, तेथे लुई आर्मस्ट्राँगच्या बरोबरीने वाजवू लागला. मग १९२६ साली एका वाद्यवृंदाबरोबर तो पूर्वेकडे निघाला व उरलेले बहुतेक आयुष्य त्याने आशियातच घालविले. कारण शोधावयास नको. ज्या देशात त्याचे वादन लोकांस हवे होते त्याच देशात काळ्या वर्णामुळे त्यास मागील दाराने जावे लागे. शांघाय, जावा, सिलोन अशी त्याची मुशाफिरी झाली. ताजमध्ये १९३५ साली लिऑन अ‍ॅबी याचा कृष्णवर्णीयांचा वाद्यवृंद आला होता, त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथचा आला, आणि त्यात वेदरफर्ड होता. मुंबईतही गोऱ्यांकरिता राखून ठेविलेले क्लब होतेच, म्हणजे येथे स्वर्ग होता असे नव्हे. परंतु येथे त्याचे नाव जाहिरातीत ठळक अक्षरांनी छापले जाई. १९३७ साली तो पॅरिसला जाऊन आला व तेथे एकट्याच्या पियानोच्या तबकड्या त्याने भरविल्या. त्यांतली एक ब्लूजची आहे. मी ती ऐकली आहे. मास्तर म्हणत तो डावा हात तीत स्पष्ट ऐकू येतो.

युद्धकाळात तो कलकत्त्यास ग्रँड हॉटेलात वाद्यवृंदाचा नायक होता. अमेरिकन सैनिकांकरिता होणाऱ्या रेडिओच्या कार्यक्रमांत त्याचे वादन असे, आणि पुढे ब्लूजचा मोठा गायक म्हणून ख्याती पावलेला जिमी विदरस्पून हा त्या वेळी व्यापारी जहाजावरचा एक साधा खलाशी असून वेदरफर्डच्या साथीने तेथे प्रथम गायिला. हॉटेलाच्या आत हे चालले असता बाहेर काय होते? १९४३ चा बंगालचा दुष्काळ. भाताच्या पेजेकरिता दारोदार फिरून माणसे रस्त्यावर मरत होती. आत नाचणाऱ्यांस त्याचे काय वाटले असेल ते वाटो. पियानोवर बसलेल्या त्या खाणगावच्या माणसाच्या मनात काय येत असेल, हा विचार मला पुष्कळदा सोडीत नाही. १९४५ च्या एप्रिलात तो कॉलऱ्याने कलकत्त्यातच वारला. वय अवघे एक्केचाळीस. गरिबांच्या वस्तीतले दुखणे त्याने हॉटेलच्या दिव्यांखालीही चुकविले नाही.

आता एक गंमत सांगतो. १९०३ च्या ऑक्टोबरात वेदरफर्ड जन्मला. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरास, संगीतकारांची पाठीराखी संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, परमगुरू दहावे पायस यांनी ख्रिस्तमंदिरातील संगीतासंबंधी आपले प्रसिद्ध आज्ञापत्र काढिले, आणि त्याच्या एकोणिसाव्या कलमात पियानोस मंदिरात मनाई केली. ढोल, झांजा, घंटा इत्यादी वाद्येही त्याच यादीत होती. पुढे चोवीस दिवसांनी, १६ डिसेंबरास, मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडले. दहा आठवड्यांच्या आत पियानोवाला जन्मला, त्याला मंदिराचे दार मिटले व हॉटेलाचे दार उघडले. हा केवळ योगायोग आहे हे मी जाणतो. मात्र मास्तरांच्या आयुष्यात तो योगायोग राहिला नाही.

त्या आज्ञापत्रास दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्या वेळी युरोपातील मंदिरांत नाटकगृहातील तानबाजी इतकी शिरली होती की लोक प्रार्थनेस येतात की तमाशास, हे कळेनासे झाले होते. तिला आवर घालणे अवश्य होते. त्याच पत्रात गायकवृंदात स्त्रियांस मज्जाव आहे. ते कलम आज लागू असते तर आपल्या गायकवृंदातील तीन हिस्से मंडळी घरी बसती, व उरलेल्या पुरुषांचे गाणे आपणांस ऐकावे लागते. असो. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेविषयीचा आपला दस्तऐवज मंजूर केला. त्यात पाइप ऑर्गनचा मान राखला आहे, आणि इतर वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने व उपासनेस साजतील अशी असल्यास घेण्यास मुभा दिली आहे. म्हणजे वाद्याचा प्रश्न एक प्रकारे सुटला. राहिला तो हाताचा.

मास्तर शनिवारी रात्री हॉटेलात वाजवीत आणि रविवारी पहाटे सहाच्या मिस्सास एका चर्चमध्ये ऑर्गनवर बसत. झोप नसेच. काळ्या कोटावरून पांढरा झगा चढवीत इतकेच. हा क्रम कित्येक वर्षे चालला. १९४८ साली त्या चर्चमध्ये नवे धर्मगुरू आले. चर्च कोणते व धर्मगुरू कोण, हे मास्तरांनी मला कधी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. कोणी त्यांच्या कानावर घातले की, हा माणूस रात्री मद्यगृहात वाजवितो. त्याच आज्ञापत्रात गायकवृंदात भक्तिमान व सच्छील माणसांसच घ्यावे असे एक कलम आहे. त्यावर बोट ठेवून त्यांनी मास्तरांस सांगितले की, दोहोंपैकी एक सोडा. मास्तरांच्या पाठीमागे म्हातारी आई, दोन बहिणी व गहाण पडलेले घर होते. चर्चमध्ये त्यांस महिन्यास जे मिळे त्यात कुडीचे भाडे निघाले असते. त्यांनी ऑर्गन सोडला. मिस्सा सोडली नाही. पुढे दर रविवारी ते शेवटच्या बाकावर बसत, आणि नवा मुलगा ऑर्गनवर चुकला की त्यांची बोटे गुडघ्यावर तो सूर दुरुस्त करीत.

दोनच वर्षांत, १९५० साली, मुंबई इलाख्यात पूर्ण दारूबंदी अमलात आली. साहेबलोक तर आधीच निघून गेले होते. मद्य नाही तेथे नाच नाही, नाच नाही तेथे बँड नाही. काही मोठे वाद्यवृंद टिकले. मिकी कोरिया १९३९ पासून ताजमध्ये होते ते १९६० पर्यंत राहिले. पण लहान माणसांचे कठीण झाले. पुष्कळांस सिनेमाने हात दिला. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना मुंबई चिक चॉकलेट म्हणे, ते आपला ट्रम्पेट घेऊन सी. रामचंद्र यांच्याकडे गेले. सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याचे चितळकर, आपल्या नागपुरासही काही काळ संगीत शिकलेले. १९५१ च्या 'अलबेला'त अमरावतीचे भगवान नाचतात, संगीत चितळकरांचे आणि वादक हळदोण्याचे. कोणत्या मातीचे किती, हे कोणी वेगळे करून दाखवावे! माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्वीस सिनेमाच्या वाद्यवृंदात मोठ्या योग्यतेस चढले. १९५८ साली त्यांनी हिंदी रागांवर रचलेले वाद्यवृंदाचे संगीत सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात सादर केले, व तेथे लताबाई आणि मन्ना डे गायिले. येशूसंघीयांनी आपले अंगण त्यांस उघडून दिले, ही गोष्ट मी मुद्दाम नमूद करतो. सगळीच दारे मिटली होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७७ च्या एका हिंदी चित्रपटातील गाण्यामुळे अँथनी गोन्साल्वीस हे नाव तर लहान पोरांच्याही तोंडी झाले. त्या नावाचा खरा माणूस हा, हे फार थोड्यांस माहीत असते.

आमच्या मास्तरांस सिनेमात जागा मिळाली नाही. चांगले वाजविणारे पुष्कळ होते आणि पियानो एका वेळी एकच लागे. त्यांनी हिशेबनिसाची नोकरी धरली.

गुरुविद्यालयातील एक प्रसंग मी जन्मात विसरणार नाही. एका सणाच्या मिस्सास आमचा पेटीवाला विद्यार्थी तापाने पडला. रेक्टर फादरांनी मास्तरांस विनविले की, आज आपणच वाजवावे. बहात्तर वर्षांचे ते गृहस्थ उभे राहिले, कोटाची बटणे लावली, व हात जोडून विचारते झाले, "फादर, मी क्लबात वाजवलेले आहे. चालेल ना?" त्रेचाळीस वर्षे हा प्रश्न त्यांच्याबरोबर राहत होता. रेक्टरांस त्यातले काही ठाऊक नव्हते. ते हसून म्हणाले, "मग तर बरेच झाले, लोक जागे राहतील." मास्तर हसले नाहीत. ते बसले आणि वाजवू लागले. प्रभुभोजनाच्या वेळी त्यांनी जे वाजविले त्यात एका जागी तो हुंदका होता. तो मला व त्यांना सोडून कोणास कळला नसावा.

अमेरिकेत टॉमस डॉर्सी म्हणून एक ब्लूजचा पियानोवाला होऊन गेला. त्याने पुढे आपल्या बॅप्टिस्ट बांधवांकरिता भक्तिगीते रचावयास घेतली, तेव्हा पुष्कळ चर्चनी त्यास दारातून परत पाठविले, कारण त्याच्या भक्तिगीतांस क्लबाचा वास येतो म्हणून. १९३२ साली तो परगावी असता त्याची पत्नी बाळंतपणात वारली आणि मूलही गेले. त्या दुःखात त्याने जे गीत रचिले ते आज जगभर ख्रिस्ती लोक अंत्यविधीस गातात. मार्टिन ल्यूथर किंग यांस ते फार प्रिय होते. डॉर्सीची कथा मी वाचली तेव्हा मास्तरांस सांगावयास हवी असे मनात आले, पण तोवर ते वारले होते. त्यांच्या अंत्यविधीस पेटी वाजवावयास कोणी मिळाले नाही.

मास्तरांची ही गोष्ट मी नंतर वीस वर्षे प्रवचनांतून सांगत आलो. तरुणांच्या शिबिरात सांगितली, गायकवृंदाच्या मेळाव्यात सांगितली. लोक डोळे पुशीत. आणि आता मी जे सांगणार आहे ते सांगण्यास मला संकोच होतो, तरी समितीतील त्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे.

२०१२ साली मी याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथे एक एकोणीस वर्षांचा मुलगा पेटी वाजवी. पेटी म्हणजे विजेवर चालणारा कीबोर्ड. धर्मभगिनींनी त्यास लहानपणापासून शिकविले होते. बाप खाणीवर ठेकेदाराकडे मजूर, आई दुखणाईत. एक दिवस मजकडे चुगली आली की हा मुलगा हमरस्त्यावरच्या एका बारमध्ये रात्री वाजवितो. त्या दिवसांत जिल्ह्यात दारूबंदीची चळवळ जोरात होती. २०१० साली आपल्या स्त्रिया चिमूरपासून नागपुरापर्यंत पायी चालत गेल्या होत्या. त्या मागणीस माझा मनापासून पाठिंबा होता, आजही आहे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी इतकी पाहिली आहेत की त्या बाबतीत मजजवळ तडजोड नाही. तेव्हा मी त्या मुलास बोलाविले आणि म्हणालो, "दोहोंपैकी एक सोड." अक्षरशः तेच शब्द. आणि बोलताना मास्तरांची मला आठवणही झाली नाही! मुलाने वाद घातला नाही. कीबोर्डच्या पेटीची किल्ली त्याने मेजावर ठेविली आणि "येतो फादर," म्हणून गेला. त्यानंतर तीन वर्षे आमच्या येथे पेन ड्राइव्हवरच्या सुरांवर मिस्साची गाणी झाली. देवाच्या स्तुतीस बटण दाबावे लागे, आणि सूर वर चढला तर गाणाऱ्यांनी मागे धावावे लागे, कारण यंत्र कोणाकरिता थांबत नाही.

१ एप्रिल २०१५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली. बार बंद पडले. मला आनंद झाला. जूनमध्ये तो मुलगा माझ्याकडे आला तो बाप्तिस्म्याचा दाखला मागावयास. लग्न ठरले होते. मी सहज विचारले, आता काय करतोस? म्हणाला, "वाजवणं बंद आहे फादर. ट्रकवर जातो." मी नोंदवही उघडली, त्याचे नाव काढले आणि दाखला लिहू लागलो. तो समोर खुर्चीवर बसला होता. शेजारच्या खोलीत कोणी पोराने तो कीबोर्ड चालू करून एक बोटाने कसलेसे गाणे काढावयास आरंभ केला होता व ते दर वेळी एकाच जागी चुकत होते. मी मान वर केली, तो त्या मुलाची बोटे गुडघ्यावर हलत होती.

दाखला त्या दिवशी मला धड लिहिता आला नाही. दुसरा कागद घ्यावा लागला. किल्ली खणातच होती. ती मी त्याच्यासमोर ठेविली आणि त्याची क्षमा मागितली. तो इतका गोंधळला की उठून उभा राहिला.

२०२१ साली जिल्ह्यातील बंदी उठली व बार पुन्हा उघडले, हे आपणांस ठाऊक आहे. त्याविषयी माझे मत मी वेळोवेळी सांगितले आहेच. तो मुलगा आता बत्तिशी ओलांडलेला गृहस्थ आहे, त्यास दोन मुली आहेत. कोळशाच्या ट्रकच्या कामाने तो भद्रावतीस आला, आणि मी येथे बदलून आलो तेव्हा मागल्या बाकावर मला दिसला. लग्नसराईत तो ऑर्केस्ट्रात वाजवितो. कधी हॉटेलातही वाजवितो, कारण दोघी मुलींची शाळेची फी कोळशाच्या खेपांतून निघत नाही. रविवारी साडेसातास तो येथे असतो. समितीतील वडीलधाऱ्यांस मी एवढीच विनंती करतो की, आज कार्यक्रम संपल्यावर त्यांनी त्याच्याशी हस्तांदोलन करावे. त्याच्या परवानगीवाचून मी यातला एक शब्दही बोललेलो नाही. परवानगी मागितली तेव्हा तो म्हणाला, "सांगा फादर, पण नाव नको, आणि लांबवू नका. पोरी झोपतील."

दुसरी अट मी मोडलीच आहे. तेव्हा आभारप्रदर्शनाचे काम समितीच्या चिटणिसांकडे सोपवून मी खाली बसतो. पहिले गीत प्रवेशगीत आहे. दुसऱ्या गीताच्या आधी काही वेळ नुसती पेटी वाजेल. त्यात एके ठिकाणी काळ्या पट्टीवरून बोट घसरल्यासारखे आपणांस वाटेल. कृपा करून कोणी हसू नये.